खालून वाचणारे पडवळ सर

सोमवारी सकाळी कळंबवाडी फाट्यावर पडवळ सरांचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर सरांच्या खांद्यावर शाल होती आणि त्यांनी हात जोडले होते. वर ऊर्जा संकुलाचं नाव होतं. खाली शुभेच्छुकांचे चेहरे होते. संकुलाची जनसुनावणी त्याच आठवड्यात होती, आणि सर संकुलाच्या विरोधात होते.

मी तो फ्लेक्स बसच्या खिडकीतून पाहिला. मी संत तुकाराम नगरात राहते आणि चाकणच्या पुढे कळंबवाडीच्या शाळेत ग्रंथपाल आहे. सर याच शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी वाचनालयात येऊन बसत. घरी एक वर्तमानपत्र येतं, इथे चार येतात आणि चारही समोरासमोर ठेवता येतात, असं त्यांचं कारण होतं.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर काहीतरी लिहा, असं मला तिघाचौघांनी सुचवलं. सुचवणाऱ्याचा हेतू काय असेल, हा विचार प्रत्येक वेळी माझ्या मनात आधी आला. ही सवय मला त्यांच्यामुळेच लागली.

सर कुठलाही छापील कागद खालून वाचत. लग्नपत्रिका असो, निविदा असो, औषधाची पट्टी असो. आधी शेवटची बारीक ओळ, मग तिच्या वरची. "मोठ्या अक्षरात त्यांना जे सांगायचंय ते असतं," ते म्हणत. "खाली जे सांगावं लागतं ते असतं." त्यांच्या पत्नी मालतीबाई हसून म्हणायच्या, "आमच्या लग्नात ह्यांना मंगलाष्टकांचा कागद मिळाला असता, तर ह्यांनी आधी शेवटचं 'सावधान' वाचलं असतं आणि बोहल्यावरून उतरले असते."

वर्गात नकाशा टांगला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. नकाशा कोणी काढला? मुलं नद्या आणि डोंगर शोधायला पुढे सरसावत आणि सर त्यांना मागे ढकलत. कोणी काढला, कशासाठी काढला, आणि आपलं गाव त्यात आहे का? कळंबवाडी बहुतेक नकाशांत नसायची. "नाही ना? मग या नकाशावर आपल्याबद्दल कोणी काही ठरवलं, तर आपल्याला विचारणार आहेत का?" नववीतल्या मुलांना हे फारसं कळत नसे. मोठी झाल्यावर त्यांच्यातल्या कित्येकांच्या जमिनी औद्योगिक क्षेत्रात गेल्या. मग त्यांतले काही जण वाचनालयात येऊन सरांच्या शेजारी नुसते बसून राहत.

कोणाच्याही घरी ते बोलणं संपेपर्यंत चहा घेत नसत. पिशवीत स्टीलचा लहान थर्मास असायचा. लोकांना राग यायचा. एकदा सरपंचांच्या ओट्यावर सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःचा थर्मास उघडून झाकणात चहा ओतला. सरपंच म्हणाले, "सर, आमच्या चहात काय इख घातलंय का?"

"तुमचा चहा चांगलाच असतो," सर म्हणाले. "म्हणून तर भीती वाटते. पिऊन झाल्यावर नाही म्हणवत नाही."

असा माणूस फार प्रिय नसतो. पण गावाला त्याची गरज असते, आणि कळंबवाडीला ती होती.

गावाच्या उत्तरेला भैरोबाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी ऊर्जा संकुल उभं राहणार, असं एके दिवशी समजलं. कोळसा जाळून वाफ आणि वीज तयार करायची आणि आसपासच्या कारखान्यांना पुरवायची, अशी योजना होती. कंपनीने गावात माहितीपत्रकं वाटली. मुखपृष्ठावर हिरव्या रंगाचं धुरांडं होतं आणि त्याच्या भोवती नारळाची झाडं. सरांनी पत्रक शेवटच्या पानावरून वाचत वाचत पहिल्या पानावर आणलं आणि चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई, या धुरांड्यातून धूर येत नाहीये," ते मला म्हणाले. "सुट्टी आहे का?"

संकुलाची माणसं शाळेतही आली. बोलणं अतिशय मऊ. शाळेसाठी काहीतरी करायची इच्छा आहे, म्हणाले. इमारतीला रंग देऊ का? मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठलेच होते. सर कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "कोणता रंग?"

"तुम्ही म्हणाल तो, सर."

"मग पांढरा द्या. बाहेरून सगळा पांढरा. आणि दरवर्षी येऊन बघत जा, कसा दिसतो ते."

पाहुणे हसले. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. दिवाळीच्या सुट्टीत रंगाचं काम झालं. सुट्टी संपवून आलो तर शाळा खालपासून वरपर्यंत चॉकलेटी. मुख्याध्यापक म्हणाले, मळखाऊ रंग आहे, सोयीचा. सर मैदानात उभे राहून पोटभर हसले. त्यांना एवढं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "त्यांनाही माहीत आहे," ते म्हणत राहिले. "बघा, त्यांनाही माहीत आहे."

सरांचा विरोध काजळीपुरता नव्हता. काजळी दिसते म्हणून ते तिच्यापासून सुरुवात करत. जे दिसत नाही त्याची त्यांना जास्त काळजी होती. वाचनालयातला पृथ्वीचा गोल बोटाने फिरवत ते सांगत, की कोळसा इथे जळेल, पण त्यातून सुटणाऱ्या वायूला खेड तालुक्याची हद्द कळत नाही. तो वर जाऊन राहतो आणि पृथ्वीभोवतीची गोधडी जाड करतो. मग कांदा काढून शेतात पसरला की नेमका अवकाळी पाऊस येतो, आणि आपण आभाळाला शिव्या देतो. एवढ्या कारखान्यांची एवढी पत्र्याची छपरं उन्हात तापत पडली असताना आणखी कोळसा कशाला, हा त्यांचा खरा प्रश्न होता. तो त्यांनी अर्ज करून विचारला, सभांमध्ये विचारला, बसथांब्यावर विचारला. उत्तर आलं नाही, तसा त्यांचा संशय वाढत गेला.

गावाला पटवण्यासाठी त्यांनी रुमालांचा उद्योग सुरू केला. चिखलीकडून हललेली एक जुनी भट्टी फाट्याजवळच्या शेडमध्ये चालू होती. ती गाड्यांचं जळकं तेल जाळायची. सर आपल्या गच्चीत तारेवर पांढरे रुमाल चिमट्यांनी लावत आणि काही दिवसांनी ते घेऊन घरोघर जात. एवढ्याशा भट्टीचं हे, मग संकुलाचं केवढं, असं विचारत. लोक रुमालाकडे पाहत आणि मालतीबाईंना साबण बदलायला सांगत.

एका उन्हाळ्यात ते हौसाबाईंच्या अंगणात रुमाल घेऊन उभे होते. हौसाबाई गोठा सांभाळणाऱ्या, तोंडाने फटकळ, वयाने सरांच्या बरोबरीच्या. त्या खाटेवरचं वाळवण आवरत होत्या.

"सर, तुमचा रुमाल ठिवा बाजूला," त्या म्हणाल्या. "हे बघा."

कुरडयांच्या पांढऱ्या जाळीत काळे कण अडकले होते. झटकून जात नव्हते, धुता येत नव्हते. "माझी लेक म्हणती, आई, कुरडईत तीळ का घातलेस? आता हिला काय सांगू?"

सरांनी एक कुरडई उचलून उजेडाकडे धरली. मग त्यांनी रुमाल खिशात घातला, तो पुन्हा काढला नाही. त्यानंतर ज्या घरी जात तिथे आधी वाळवणाची चौकशी करत. गल्लीगल्लीतून बायका बोलू लागल्या. पापड, सांडगे, कुरडया यांवरून गाव संकुलाबद्दल बोलू लागलं, आणि सुनावणीला सगळे येणार असं ठरलं. सर सांगतील तसं बोलायचं, हेही ठरलं.

आणि मग दहावीच्या एका जुन्या तुकडीने गुरुवंदना ठेवली.

त्या तुकडीचा म्होरक्या संतोष. त्याचे डंपर होते. कारखान्यांच्या जागा सपाट करणं, माती-मुरूम वाहणं हा त्याचा धंदा. संकुलाचं मातीकाम त्यालाच मिळणार, अशी गावात बोलवा होती. वर्गात तो नकाशे सुंदर काढायचा. सर त्याच्याबद्दल म्हणायचे, "पोरगं वाईट नाही. पण डंपर उभे राहिले की त्याला झोप येत नाही."

निमंत्रण आलं तेव्हा सरांनी ते माझ्यासमोरच खालून वर वाचलं. कार्यालय कोणाचं? जेवण कोणाकडून? प्रमुख पाहुणे कोण? संतोषने फोनवर सगळी उत्तरं दिली. वर्गणी मुलांची, जेवण मुलांचं, पाहुणा कोणीच नाही, फक्त सर. कार्यक्रमाच्या दिवशीही सर व्यासपीठावर चढण्याआधी मागच्या पडद्याजवळ गेले आणि त्यावरची अक्षरं वाचून आले. 'गुरुवंदना' आणि शाळेचं नाव, आणखी काही नव्हतं. मग ते खुर्चीत बसले. संतोषने त्यांना शाल पांघरली, नारळ दिला, आणि सगळ्यांसमोर वाकून पायांवर डोकं ठेवलं. पोट सुटलेले, केस विरळ झालेले ते सगळे बाप्ये एका सुरात 'एक साथ नमस्ते' म्हणाले. सरांनी हात जोडले.

त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला. थर्मास पिशवीतच राहिला.

तोच फोटो फाट्यावर लागला.

मी बसमधून उतरले तेव्हा सर फ्लेक्सखाली उभे होते. ते खालून वाचत होते. सगळ्यांत खाली शुभेच्छुकांचे चौकोनी चेहरे, काळे चष्मे लावलेले, मोबाईल कानाला धरलेले. सर एकेका चेहऱ्यावर बोट रोखून हळू आवाजात आडनावं घेत होते, हजेरी घेतल्यासारखी. सगळी तुकडी हजर होती. मग त्यांनी वर पाहिलं, स्वतःकडे, आणि मला म्हणाले, "सगळं तपासलं होतं, बाई. फोटो काढणाऱ्याला विचारायचं राहिलं."

दुपारी संतोष वाचनालयात आला. चपला बाहेर काढून, घाम पुसत.

"सर, तुमच्या पायाशपथ, माझ्या मनात काय बी न्हवतं. कंपनीची माणसं म्हणली, बॅचतर्फे शुभेच्छांचा एक फ्लेक्स लावा. आता बॅचचा फ्लेक्स म्हणल्यावर तुमचा फोटो नको? माझ्या पोराच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पण तुमचा फोटो हाय. तुम्हाला वगळलं असतं तर पोरांनी जोड्यानं मारलं असतं मला."

"माझा फोटो टाक, असं कोणी सांगितलं?"

"कोणीच न्हाई, सर."

"आणि कोणीच नाही असं सांग, हे कोणी सांगितलं?"

संतोषने पुन्हा घाम पुसला. मग म्हणाला, "मी आत्ता जातो आणि काढून टाकतो."

"काढू नकोस. काढलास तर लोक म्हणतील, सरांचं आणि कंपनीचं बिनसलं. राहू दे तिथेच."

संतोष गेल्यावर सरांनी वर्तमानपत्र उघडलं, पण पान उलटलं नाही. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की संतोष खरं बोलत असावा. आमच्या भागात आदर दाखवायचा म्हणजे माणसाला फ्लेक्सवर चढवायचं, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की आशय काय आहे ते कोणी पाहत नाही. पण कंपनीच्या माणसांना हे माहीत नसेल, असं मात्र मला वाटत नाही. सरांनी दोन्ही शक्यता एकाच पिशवीत घातल्या. संतोषशी ते पुन्हा बोलले नाहीत.

गाव सरांशी बोलेनासं झालं नाही. त्याहून वाईट झालं. गाव सरांना प्रश्न विचारू लागलं. किराणा दुकानात हौसाबाई भेटल्या. मी सरांच्या बरोबरच होते.

"सर, तुमीच शिकवलं ना, कोण म्हणतंय ते आधी इचारायचं? मग आता आमी इचारतो. फोटोत हात कुणाला जोडलेत?"

"पोरांना, हौसाबाई."

"पोरं तर खाली हाईत. वर कंपनीचं नाव हाय."

दुकानदाराने साखर मोजता मोजता मान हलवली. सरांनी पिशवी उचलली. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "बरोबर विचारलं तिनं." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

सुनावणी शाळेच्या मैदानात झाली. मांडव, पंखे, पाण्याच्या बाटल्या. बाहेरून बसगाड्या भरून माणसं आली होती. ती पुढच्या रांगांत बसली आणि कंपनीचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत असताना योग्य जागी टाळ्या वाजवत राहिली. धुरांडं अजूनही हिरवं होतं. अधिकारी मधोमध, घाईत.

सरांचं नाव पुकारलं गेलं. कित्येक महिने त्यांनी या भाषणाची तयारी केली होती. मुद्दे त्यांना पाठ होते, कागद नव्हता. त्यांनी माईक हातात घेतला आणि मागून आवाज आला, "ओ फ्लेक्सवाले सर, आज कुणाकडून?"

मांडव हसला. आमच्याच गावातले जास्त हसले.

सर हसणं थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "तुमची शंका बरोबर आहे. माझ्यावर ठेवलीत तेवढीच या चित्रांवरही ठेवा. मी बोललो तर तुम्ही माझ्याकडे बघाल, टेकडीकडे बघणार नाही. म्हणून मी बोलत नाही. ज्यांचं वाळवण काळं होतं त्यांनी बोलावं."

आणि ते खाली बसले.

कोणी उठलं नाही. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. कंपनीच्या माणसाने कागद गोळा करायला सुरुवात केली. सर मान खाली घालून बसले होते. सगळं संपलं, असं मला वाटलं.

मग हौसाबाई उठल्या. पदर खोचत माईकपाशी गेल्या. "सायेब, सरांचं आमचं सध्या पटत न्हाई. सरांचं सोडा. पण मला सांगा, एवढ्याशा भट्टीनं माझ्या कुरडया काळ्या झाल्या, मग ह्या एवढ्या थोरल्या चुलीचं काय?"

त्यांच्या मागून शिफ्ट संपवून आलेला एक कामगार उठला, गणवेशातच. "साहेब, सरांचं जाऊ द्या. आमच्या कंपनीचं छप्पर दुपारी इतकं तापतं की खाली उभं राहवत नाही. त्या उन्हाची वीज का करत नाही? कोळसाच कशाला?" कोणीतरी अवकाळीचं विचारलं, कोणीतरी कोळशाच्या ट्रकांचं. एक म्हातारा म्हणाला, "न्हाई, माझा सरांवर इस्वास न्हाई आता. पण चित्रातली नारळाची झाडं कुठून आणणार, ते सांगा की." एका मुलीने वायू वर जाऊन राहतो तो कधी खाली येतो, असं विचारलं.

प्रत्येक प्रश्न सरांचा होता. प्रत्येकाची सुरुवात सरांना बाजूला सारून होत होती. सर कानामागे हात धरून ऐकत होते, उत्तरपत्रिका तपासताना बसायचे तसे. अधिकाऱ्यांनी हरकती लिहून घेतल्या. निर्णय नंतर कळवू, असं सांगून ते गाडीत बसले.

त्यानंतर सरांची माफी कोणी मागितली नाही. मला वाटतं, आपण कशाची माफी मागायची हे गावाला कळलंच नाही. हौसाबाईंनी त्यांना कुरडया पाठवल्या. सरांनी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि तळायला दिल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वळवाच्या दिवसांत. वाऱ्याने फाट्यावरचा फ्लेक्स अर्धा सुटून लोंबू लागला होता आणि हौसाबाईंनी तो गोठ्यावर घालायला नेला होता. आमच्याकडे जुने फ्लेक्स असेच संपतात, कडब्यावर, कांद्यावर, गोठ्यावर. मी बससाठी चालले होते. सर हौसाबाईंच्या अंगणात दोरीचं टोक धरून उभे होते, तोवर खूप बारीक झालेले. हौसाबाई शिडीवर होत्या.

"सर, तुमचं तोंड वर ठिवू का खाली?"

"खाली ठेवा," सर म्हणाले. "पांढरी बाजू वर राहू दे. काजळी पडली तर दिसेल."

"मेल्यावर पण रुमालच बघणार तुमी," हौसाबाई शिडीवरून म्हणाल्या, आणि दोघंही हसले. सरांनी मला पाहिलं, दोरी न सोडता मान हलवली. माझी बस आली.

पंधरवड्यात ते गेले. अंत्ययात्रेला संतोष फाटकाबाहेर उभा होता, आत येत नव्हता. मालतीबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, "ये, खांदा दे. आता ते विचारायचे नाहीत, तुला कोणी पाठवलं."

संकुलाचा निर्णय अजून आलेला नाही. टेकडीच्या पायथ्याशी हद्दीचे दगड रोवलेले आहेत आणि त्यांच्याभोवती गवत वाढलं आहे. सरांचा थर्मास मालतीबाईंनी वाचनालयात आणून दिला, तो वर्तमानपत्रांच्या टेबलावर असतो. फ्लेक्स हौसाबाईंच्या गोठ्यावर आहे. गोठ्यात उभं राहून खालून पाहिलं की हात जोडलेले सर दिसतात. फ्लेक्सची वरची बाजू मळली आहे, पण ती अजून पांढरी म्हणता येते.